मंगळवारच्या बाई

ज्या शाळांत मी शिकवते, तिथं माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. सोमवारच्या शाळेत मी सोमवारच्या बाई, बुधवारच्या शाळेत बुधवारच्या बाई. आठवड्यातला एकेक दिवस एकेका शाळेला वाटून दिलेला असतो. ज्या मुलांना वाचता येत नाही, ज्यांचे आकडे उलटे पडतात, ज्यांना एका जागी बसवत नाही, अशांना त्या दिवशी वर्गातून बोलावून घ्यायचं आणि वेगळं बसवून शिकवायचं, हे माझं काम. कागदोपत्री मला विशेष शिक्षिका म्हणतात. विशेष म्हणजे एवढंच, की कुठल्याच शाळेत मला स्वतःची खुर्ची नाही.

मंगळवारची शाळा कोल्हापुरातच, जुन्या पेठेतली. तिथले मुख्याध्यापक मनानं वाईट नव्हते, पण त्यांना एकच विनोद यायचा. मी दारात दिसले की दर खेपेला ते म्हणायचे, "या पावणं! आज मंगळवार व्हय?" मग सगळी शिक्षक खोली हसायची. पहिल्या-पहिल्यांदा मीही मनापासून हसले. नंतर त्या विनोदाचा वीट आला, तरी हसतच राहिले. न हसण्याइतकी ओळख तिथं कुणाशीच नव्हती. ज्याच्या-त्याच्या खुर्च्या ठरलेल्या, डबा उघडायच्या जोड्या ठरलेल्या. मी दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. चहा आला की पेले मोजून आलेले असायचे आणि मग कुणीतरी ओशाळं होऊन आपल्यातला अर्धा द्यायचं. तो अर्धा पेला मला नकोसा व्हायचा.

शिकवायला खोली मिळाली होती ती सामानाची. एका बाजूला खिचडीच्या तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला लेझीम, पाय मोडलेला बाक आणि कधीच्या तरी स्नेहसंमेलनातला पुठ्ठ्याचा किल्ला. त्या पोत्यांच्या मधे सतरंजी टाकून मी मुलांना घेऊन बसायचे. मुलं यायची, शिकायची, घंटा झाली की पळायची. जाताना मागं वळून बघायची नाहीत. मुलांनी मागं वळून बघू नये, ते ठीकच असतं. पण आपल्याला वाटायचं ते वाटतंच.

घरीही वळून बघणारं कुणी नव्हतं. लग्न मी केलं नाही. आई होती तोवर घरात बोलणं होतं. ती गेल्यावर रंकाळ्याच्या बाजूला आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी आणि कुकर उरलो. एका माणसाचा भात कुकरला लावणं हे मोठं अवघड काम आहे. एक तर तो करपतो, नाही तर दोन दिवस पुरतो. मी शाळेतल्या गोष्टी आईला सांगायचे, अगदी कुणी काय उलटं लिहिलं इथपर्यंत. आता त्या गोष्टी पोटात घेऊन मी स्कूटर लावायचे, जिना चढायचे आणि कुलूप उघडायचे.

त्या वर्षी मंगळवारच्या शाळेत चौथीत एक मुलगी होती. घरच्या म्हशी. संध्याकाळी आई-बाप म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर उभे राहायचे आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून पेला भरून द्यायचे. पोरीच्या दोन घट्ट वेण्या, गुडघे कायम खरचटलेले. चौथीच्या वर्गाच्या बाईंनी तिला माझ्यापुढं उभं केलं आणि म्हणाल्या, "हिचं काय ते बघा. तोंड बघाल तर पट्ट्यासारखं चालतंय, पुस्तक धरलं की मुकी."

पोत्यांच्या खोलीत मी तिला इतिहासाचं पुस्तक वाचायला दिलं. तिनं पहिलं अक्षर बघितलं आणि उरलेला शब्द मनानंच ठोकून दिला. ओळ संपली की तिची नजर भलत्याच ओळीवर उतरायची. तिचं तिलाही कळायचं की हे काही खरं नाही, आणि मग तिचा आवाज लहान होत जायचा. हे आळसाचं लक्षण नव्हे. अक्षरं तिच्यापुढं स्थिर उभीच राहत नव्हती. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "पन्हाळ्याला वेढा पडला तेव्हा काय झालं, सांग बघू." पोर टुणकन उठली, पोत्यावर चढली आणि त्या पुठ्ठ्याच्या किल्ल्याकडं बोट करून सगळा धडा सांगायला लागली. पाऊस, चिखल, पालख्या, मशाली. पाठलागाच्या घोड्यांच्या टापा तिनं पोत्यावर हात आपटून वाजवल्या. मी बघतच राहिले. हा धडा तिनं वर्गात फक्त ऐकलेला होता. त्याच धड्याच्या चाचणीत तिचा कागद कोरा होता.

मला त्या दिवशी फार आनंद झाला. जिना चढताना तोंडावर आलं होतं, "आई, आज एक पोरगी भेटली." मग कुलूप हातात आलं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. वर्गात बोलावायला गेले तर व्हरांड्यात कान धरून उभी. प्रार्थनेच्या वेळी तिनं पुढच्या पोरीच्या दप्तरात पाण्याची बाटली ओतली होती. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "आज सोडायची न्हाय तिला. शिक्षा हाय." त्याच्या पुढच्या मंगळवारी कुणाची तरी वेणी बाकाला बांधली होती. मग कधी खडूंचा भुगा, कधी मारामारी. दर मंगळवारी मी जाते तर ही आपली व्हरांड्यात. मला वाटलं, माझंच नशीब. वर्गाच्या बाईंना वाटलं, पोरगी हाताबाहेर चालली.

मग एका मंगळवारी कसलीतरी सुट्टी आली, म्हणून बुधवारच्या शाळेला कळवून मी त्या शाळेत बुधवारी गेले. खिडकीतून बघितलं तर पोरगी शहाण्यासारखी बसलेली, हाताची घडी घालून. मी दारात उभी राहिले आणि तिची नजर माझ्यावर पडली. तिचा चेहरा उतरला. आणि माझ्यादेखत, काही कारण नसताना, तिनं शेजारणीची कंपासपेटी उचलली आणि जमिनीवर फेकली. सगळं खणखणलं. बाई ओरडल्या. पोरगी स्वतःच उठली, व्हरांड्यात गेली आणि कुणी सांगायच्या आत कान धरून उभी राहिली.

मी तिच्या शेजारी जाऊन भिंतीला टेकले. म्हटलं, "मी यायच्या दिवशीच का गं?"

जमिनीकडं बघत ती म्हणाली, "तुमच्यासंगं गेल्यालं दिसलं की मंगळवारची म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"समदी. मंगळवारची म्हंजे ढ. मी शिक्षा घेतो की. शिक्षा बरी."

आमच्या कोल्हापुरात वांड असणं ही काही बदनामी नव्हे. "लई वांड हाय ओ पोरगी," असं आया तक्रार केल्यासारखं सांगतात आणि सांगताना त्यांचा ऊर भरून येतो. वांड पोराला धपाटा मिळतो आणि धपाट्यामागून खाऊ मिळतो. ढ पोराला दोन्ही मिळत नाही. त्या पोरीनं या दोन्हींतलं जे परवडतं ते निवडलं होतं. हे सगळं मला प्रशिक्षणात कुणी सांगितलेलं नव्हतं. तिथं "वर्तन समस्या" असा एक शब्द शिकवतात आणि त्याखाली ओळीनं उपाय शिकवतात. या पोरीला वर्तनाची समस्या नव्हती. तिला समस्या माझी होती.

हे कळल्यावर मला आपल्याच कामाचा राग आला. मी जिला बोलवीन, तिच्यावर शिक्का बसणार. न बोलवावं, तर तिचा कागद कोराच राहणार.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं की पोरीच्या आईला मंगळवारी बोलवा, मी स्वतः समजावून सांगते. पोरगी हुशार आहे, फक्त तिच्या वाचण्याची वाट वेगळी आहे, एकदा तपासून घेऊ, असं मी बोलणार होते. घरी मी ते बोलून बघितलं, दोनदा, गॅसच्या ओट्यापाशी उभी राहून. पण आईला बोलावलं शुक्रवारी, कारण शुक्रवारी मुख्याध्यापक साहेबांना वेळ होता. आणि सांगितलं साहेबांनीच. काय सांगितलं ते पुढच्या मंगळवारी त्यांनी मला हसत-हसत ऐकवलं. "म्या म्हटलं, त्या मंगळवारच्या बाई म्हणत्यात, तुमच्या पोरीच्या डोक्यात जरा कमी हाय. तर बया असली भडकली म्हणता!"

"मी असं म्हटलंच नव्हतं," मी म्हणाले.

"एकच की ओ ते!"

एकच नव्हतं. माझा आवाज चढला. पोरीची आई त्यांना म्हणाली होती, "माझ्या पोरीला येडी ठरवाय निघालाय व्हय? त्या बाईनं परत बोलावलं तर पोरगी कागलच्या पलीकडं मामाच्या गावाला नेऊन सोडीन." मामाच्या गावी शाळा लांब होती आणि म्हशी जास्त. तिथं गेलेली पोरगी पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, हे साहेबांनाही कळत होतं. ते म्हणाले, "तवा आता तिला हात लावू नका. जाऊ द्या."

जाऊ द्या म्हणणं सोपं असतं. मला त्या रात्रभर पोत्यावरच्या घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. शेवटी मी ठरवलं की तिला बोलवायचं नाही, पण सोडायचंही नाही. मीच वर्गात जाऊन बसायचं आणि सगळ्या वर्गाला शिकवायचं. त्याला कुणाच्या आईची मनाई असायचं कारण नव्हतं.

त्याआधी मी तिला व्हरांड्यात, कान धरून उभी असताना गाठलं. ती माझ्याकडं बघेना. "आई म्हणली, तुमच्यासंगं बोलायचं न्हाय."

"नको बोलू. मीही बोलणार नाही. मी वर्गात येऊन बसेन. तुझ्याकडं बघणार नाही, तुझं नाव घेणार नाही. तू तुझं ऐकत राहा."

ती विचारात पडली. मग तिनं खरी अडचण काढली. "आन बाहीर दिसला तर?"

"तर तू मला ओळखत नाहीस आणि मी तुला ओळखत नाही."

"आंबाबाईशप्पत?"

"अंबाबाईशप्पत."

तिनं कान सोडले. आमचं दोघींचं ते शेवटचं बोलणं, असं तेव्हा मला वाटलं.

वर्गाच्या बाईंना पटवणं जड गेलं. त्या राधानगरीकडच्या, आवाज खणखणीत. नुसती टाळी वाजवली तरी सगळा वर्ग चिडीचूप. "तुम्ही आठवड्यातनं एक दिस येणार आन मला शिकवणार व्हय?" असं त्यांनी तोंडावरच विचारलं. मी म्हटलं, शिकवत नाही, मागच्या बाकावर बसते. "बसा. पर मधी बोलायचं न्हाय." आणि मी आपली मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसले. मोठ्या माणसाची उंची चौथीच्या बाकाला फार जड जाते.

पण बाई आडमुठ्या नव्हत्या, हे लवकरच कळलं. पोरगी मंगळवारची शिक्षा घेईनाशी झाली, हे त्यांनी पहिल्यांदा ओळखलं. एकदा वर्ग सुटल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, त्यांच्या मानानं हळू, "काय करायचं ते सांगा. फकस्त समद्यांच्या देखत सांगू नका."

मग आम्ही करायला लागलो. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याला एका ओळीएवढी लांबट खिडकी कापायची. ती पुस्तकावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकीच्या झाकतात, नजर घसरत नाही. एकटीला दिली असती तर तोही शिक्काच झाला असता. म्हणून सगळ्या वर्गाला दिली. बाईंच्या दिराच्या लग्नाच्या पत्रिका गठ्ठाभर उरल्या होत्या, त्या सगळ्या कामी आल्या. सगळी चौथी वधू-वरांच्या नावांना भोकं पाडून वाचायला लागली. पोरांना तो खेळ वाटला. उद्या कुणी कुठली ओळ वाचायची ते बाई आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवायला लागल्या, म्हणजे तिलाही घरी ती ओळ गिरवून यायला सवड मिळाली. चाचणीत कुणाला उत्तर तोंडी सांगायचं असेल तर सांगू द्यायचं, हे बाईंनी आपणहून सुरू केलं. पन्हाळ्याचा वेढा तिनं वर्गापुढं उभं राहून सांगितला, तेव्हा टाळ्या पडल्या. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. तसं ठरलं होतं.

माझी जागा तिच्या पाठीमागच्या बाकावर. ती पुस्तक जरा तिरकं धरायची आणि अडली की बोट तिथंच ठेवायची. ते बोट मला मागून दिसायचं. मग मी माझ्या शेजारी बसलेल्या मुलीकडं वळून तो शब्द तोडून-तोडून, मोठ्यानं शिकवायचे. पुढं बोट हलायचं. माझ्या शेजारची ती मुलगी वर्गात पहिली येणारी. तिचा जीव मेटाकुटीला यायचा. एक दिवस ती वैतागून ओरडलीच, "बाई, मला येतंय की ओ ह्ये!" सगळा वर्ग हसला. पुढच्या बाकावरच्या दोन वेण्याही हलल्या. ती हसत होती, माझ्याकडं पाठ करून. एवढं एक हसू मी त्या आठवड्यात घरी नेलं.

असं शिकवणं फार एकटं असतं. इतर मुलं निदान "ओ बाई, ओ बाई" करत अंगावर पडतात. हिनं मला वर्षभरात एकदाही हाक मारली नाही. मी तिचा चेहरा फारसा बघितलाच नाही. मला तिची मान ठाऊक, वेण्यांच्या रिबिनी ठाऊक, कानामागचा काजळाचा ठिपका ठाऊक. कधी-कधी वाटायचं, ही खरंच आपल्याला विसरली की काय. करार मीच केला होता, तो मोडावा असंही मलाच वाटायचं.

हिवाळ्यात एका संध्याकाळी मी दूध कट्ट्यावर गेले. आई होती तेव्हा आम्ही दोघी जायचो. आई पेलाभर घेऊन ओठावरच्या फेसाकडं बोट दाखवून हसायची. कट्ट्यावर गर्दी होती, म्हशी रवंथ करत उभ्या होत्या. आणि एका म्हशीच्या शेपटीशी, हातात रिकामे पेले घेऊन, ती पोर. तिनं मला बघितलं. तिच्या हातातले पेले एकमेकांवर वाजले. पलीकडं तिची आई पाठमोरी बसून धार काढत होती. पोरगी जागची हलली नाही, फक्त माझ्याकडं बघत राहिली. इतकी घाबरलेली मी तिला कधी बघितली नव्हती, शिक्षेतसुद्धा नाही. मी मान वळवली आणि जसं काही मला पलीकडंच जायचं होतं तशी चालत गेले. दूध प्याले नाही. त्यानंतर मी कट्ट्यावर जाणंच सोडलं. आईबरोबरच्या ज्या काही थोड्या जागा उरल्या होत्या त्यातली एक गेली. त्या दिवशी मला पोरीचा रागसुद्धा आला, खोटं कशाला सांगू. नऊ-दहा वर्षांच्या पोरीचा राग! घरी येऊन मी चहा केला आणि तो पिता-पिता रडले.

उन्हाळा लागता-लागता तिचं बोट ओळीवरून चालायला लागलं. धावत नव्हतं, चालत होतं. वाकडं-तिकडं, अडखळत, पण शेवटच्या शब्दापर्यंत जात होतं. तेवढं पुष्कळ होतं. एके दिवशी वर्गाच्या बाई मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "निरोप समारंभाला चौथीतर्फे आभाराचं भाषण तिला देतोय. पाठ करून न्हाय. कागदावर बघून." मग म्हणाल्या, "तुम्ही यायला पायजे." समारंभ शनिवारी होता. माझा दिवस नव्हता.

तरी गेले. धुतलेली साडी नेसले, केसांत गजरा माळला, नंतर आरशात बघून काढून ठेवला. दारात मुख्याध्यापक भेटले. "आं? पावणं, आज मंगळवार हाय व्हय?" मी हसले. मला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. खुर्ची, स्टूल नव्हे.

पोरगी माइकपुढं आली. नवा फ्रॉक, वेण्यांना अबोलीचे गजरे. तिनं कागद उलगडला आणि त्यावर पत्रिकेचा तो पुठ्ठा ठेवला. कडा मऊ पडल्या होत्या त्याच्या. पुढं बसलेली सगळी चौथी त्याच पुठ्ठ्यावर वाचायला शिकलेली, त्यामुळं कुणालाच त्यात काही वाटलं नाही. ती वाचायला लागली. हळू वाचत होती. एका शब्दापाशी अडली. माझे ओठ आपोआप हलले, आणि मी ते हातानं दाबून धरले. इथून तिला ऐकू जाणार नव्हतं. मग तिनं तो शब्द तोडला, जसा मी माझ्या शेजारणीला तोडून सांगायचे तसाच, आणि जोडला, आणि पुढं गेली. तिनं मुख्याध्यापकांचे आभार मानले, वर्गाच्या बाईंचे मानले, खिचडी शिजवणाऱ्या मावशींचे मानले, घंटा देणाऱ्या मामांचेही मानले. कागद संपला. मी नव्हते त्यात. असायचं नव्हतंच. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

गर्दी चुकवून मी फाटकाशी आले तर तिथं तिची आई उभी. हातात पेढ्यांचा डबा, घरच्या खव्याचे. येईल-जाईल त्याला देत होती. चेहरा नुसता उजळला होता. तिनं मला कधी बघितलेलं नव्हतं. शेजारी पोरगी उभी होती. मला बघून तिचा रंग उडाला.

"कोण पावणं?" आईनं मला विचारलं. "कुणाची आई तुम्ही?"

"कुणाची नाही," मी म्हणाले. "अशीच आले होते, कार्यक्रम बघायला."

"मग ऐकलासा न्हवं? माझी पोरगी माइकवर वाचली! हितं एक मंगळवारची बाई येती म्हणं. माझ्या पोरीला येडी ठरवाय निघालती. म्या ठणकावलं म्हणून बरं. आज आसती इथं तर दावलं आसतं तिला, कान धरून. तिच्या वर्गाच्या बाईंनी जीव लावला म्हणून ही घडली. त्याच मला म्हणल्या, हिला वाचाय जरा येळ लागतो, घाई करू नका, पाचवीच्या सरांस्नीबी सांगून ठेवा. सांगणार की मी!"

मला खूप काही म्हणता आलं असतं. घरी ओट्यापाशी उभी राहून पाठ केलेलं सगळं बोलणं अजून माझ्याकडं तसंच होतं. पोरगी आईच्या पदरामागून माझ्याकडं बघत होती. वर्षभरात पहिल्यांदा मी तिच्या डोळ्यांत नीट बघितलं. ती श्वास धरून उभी होती. पाचवीत नवी शाळा, नवी मुलं. तिथं तिला मंगळवारची म्हणून कुणी ओळखणार नव्हतं.

"फार छान वाचलं तिनं," मी म्हणाले. "अडली तिथं थांबली, घाबरली नाही. ते मला आवडलं."

"ऐक, पावण्या काय म्हणत्यात!" आईनं डबा पोरीच्या हातात दिला. "दे त्यांस्नी पेढा."

पोरीनं डबा माझ्यापुढं धरला. सगळ्या वर्षात तिनं मला कसलीच हाक मारली नव्हती, आता मारली.

"घ्या की, पावणं," ती म्हणाली.

मी पेढा घेतला आणि तिच्यासमोरच खाल्ला. मग स्कूटर काढली. घरी पोचेपर्यंत त्याची गोडी तोंडात होती, आणि जिना चढताना सवयीनं तोंडावर आलंच, "आई, आज ती बोलली."